बंदिस्त सापांचे प्रजनन

प्राणिसंग्रहालये, सर्पोद्याने व संशोधन संस्था यांत पाळलेल्या सापांचे नर व मादी योग्य काळी एकत्र आणून त्यांच्यापासून संतती मिळवणे, यास बंदिस्त सापांचे प्रजनन म्हणतात. बहुतेक साप एकलकोंडे असतात. त्यामुळे जोडी केव्हा लावावी आणि उरलेल्या काळात नर-मादी वेगळे कसे ठेवावेत, हे प्रश्न येथे सर्वांत महत्त्वाचे ठरतात.

ऋतूचे अनुकरण

समशीतोष्ण प्रदेशातील साप हिवाळा सुप्तावस्थेत काढतात व वसंतात मीलन करतात. बंदिस्त जागेत बारमाही ऊब मिळाली, तर हे चक्र बिघडते. कॅनडातील गार्टर सापांवर झालेल्या अभ्यासांत असे दिसले की, दीर्घ थंडीचा काळ न मिळालेले नर मादीकडे लक्षच देत नाहीत. म्हणून अमेरिकेतील कॉर्न स्नेकसारख्या जातींना दोन ते तीन महिने साधारण १० ते १५ अंश सेल्सियस तापमानात ठेवले जाते. त्यापूर्वी सुमारे दोन आठवडे खाद्य बंद करतात, कारण थंडीत पचन थांबून पोटातील भक्ष्य कुजते आणि साप दगावतो. पाणी मात्र शेवटपर्यंत ठेवावे लागते. अशक्त किंवा आजारी साप या थंडीत ठेवत नाहीत.

तापमान पुन्हा वाढवल्यावर साप खाऊ लागतात. मादीने त्यानंतरची पहिली कात टाकली की बहुधा जोडी लावण्याची वेळ आली असे समजतात, कारण या सुमारास तिच्या त्वचेवरील गंधद्रव्ये नरास आकर्षित करतात. मादी केवळ वयात येऊन भागत नाही; तिच्या अंगी पुरेशी चरबी व आकारमान असावे लागते. लहान मादीची जोडी घाईने लावल्यास अंडी अडकून ती मरण्याचा धोका असतो.

एकाच पेटीत दोन नर ठेवणे या काळात टाळतात. धामणींची एकमेकींस पीळ घालून उभी राहिलेली जोडी पाहून लोक त्यास मीलन समजतात. प्रत्यक्षात ती दोन नरांची झुंज असते.

नागराजाची जोडी

नागराजाचे मुख्य भक्ष्य साप हेच असल्याने त्याची जोडी लावणे हे या क्षेत्रातील सर्वांत अवघड काम होय. नराने मादीस ठार मारल्याच्या नोंदी निसर्गातही आहेत. पश्चिम घाटात मीलनाचा काळ साधारण मार्च ते मे असतो, म्हणून बंदिस्त जोडीही त्याच सुमारास लावणे श्रेयस्कर. इतर वेळी दोघांस एकत्र ठेवणे म्हणजे मोठ्या सापापुढे लहान सापाचे भक्ष्य मांडणेच. एकत्र आणण्यापूर्वी दोघांनाही पोटभर खाऊ घालतात व रक्षक सर्व वेळ पहारा ठेवतात. मीलन आटोपताच त्यांना वेगळे करणे हिताचे.

नागराजाची मादी शरीराच्या वेटोळ्यांनी पाने ओढून घरटे रचते, आणि असे घरटे रचणारा साप विरळाच. म्हणून तिच्या पिंजऱ्यात वाळका पाला व बांबूची पाने भरपूर द्यावी लागतात. साधारण २० ते ४० अंडी घालून ती घरट्यावर राखण करते. मंगळुरूजवळील पिलिकुळ येथील प्राणिसंग्रहालयात नागराजाचे बंदिस्त प्रजनन यशस्वी झाले आहे.

अंडी व पिले

कॉर्न स्नेकची मादी अंडी घालण्यापूर्वी एक ते दोन आठवडे पुन्हा कात टाकते. ही खूण दिसताच तिच्या पेटीत ओलसर शेवाळ भरलेला डबा ठेवतात. तो नसल्यास ती पाण्याच्या भांड्यातही अंडी घालते व ती बुडून वाया जातात. अंडी उचलताना त्यांची वरची बाजू पेन्सिलीने खूण करून तशीच ठेवावी लागते, कारण आतील भ्रूण कवचाच्या वरच्या भागास चिकटलेला असतो आणि कोंबडीच्या अंड्याप्रमाणे ती उलटल्यास तो दगावू शकतो. सुमारे २८ अंश तापमानात दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात. पिलांनाही स्वतंत्र डब्यांतच ठेवतात.

अजगराच्या काही जातींची मादी मात्र अंड्यांभोवती वेटोळे घालून स्नायूंच्या आकुंचनाने स्वतः उष्णता निर्माण करते. घोणस अंडी न घालता पिलांनाच जन्म देते, त्यामुळे तिच्याबाबत उबवण्याचा प्रश्नच येत नाही.

मीलनाच्या तारखेवरून अंड्यांची तारीख काढणे नेहमी शक्य नसते, कारण अनेक जातींच्या माद्या नराचे शुक्राणू महिनोन्‌महिने शरीरात साठवून ठेवतात. जोडी लावलेली नसतानाही मादीने अंडी घातल्याचे म्हणूनच अधूनमधून आढळते.

भारतातील कायदा

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित देशी साप परवानगीवाचून पकडणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. नाग, धामण, अजगर किंवा नागराज यांचे घरगुती प्रजनन त्यामुळे बेकायदेशीर ठरते. प्राणिसंग्रहालयांना केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता आवश्यक असते. आंतरराष्ट्रीय व्यापार करारात समाविष्ट असलेल्या बॉल पायथॉनसारख्या परदेशी जातींच्या मालकांवर २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीचे बंधन आले असून, त्यांच्या पिलांची माहितीही कळवावी लागते.