घराण्याचा गुन्हा : 'सैराट'कडे पुन्हा पाहताना

पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या जेऊरहून उजनीच्या पाण्याकडे निघाले की वांगी, कंदर ही धरणाकाठची गावे लागतात. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. ज्यांच्याकडे जमीन, मोटार आणि पत होती, त्यांच्या शिवारात या पाण्याने ऊस आणि केळी उभी केली. ज्यांच्याकडे यांतले काही नव्हते, त्यांच्या वाट्याला पाण्यातले मासे आले. जेऊरच्याच नागराज मंजुळे यांनी करमाळा तालुक्यात चित्रित केलेला 'सैराट' ही विभागणी पहिल्या काही प्रसंगांतच दाखवतो. आर्चीच्या घरी ऊस आहे, परश्याच्या घरी होडी आणि जाळे.

२९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट आपण प्रेमकथा म्हणून लक्षात ठेवला. मला तो गुन्हेगार घराण्याचा चित्रपट वाटतो, आणि त्याच्याविषयीच्या टोकाच्या मतभेदांचे मूळही तिथेच आहे असे वाटते.

माफिया घराण्याच्या चित्रपटाचा साचा १९७२च्या 'द गॉडफादर'ने पक्का केला. कर्ता पुरुष, वारस मुलगा, घराण्याची इभ्रत, आणि घरातल्या जेवणाच्या टेबलापासून चार पावलांवर ठरणारे खून. आपल्याकडे रामगोपाल वर्मांच्या 'सरकार'ने (२००५) तोच साचा मुंबईत आणला. या चित्रपटांत कॅमेरा घराच्या आत बसलेला असतो. म्हणून प्रेक्षक कर्त्या पुरुषाच्या बाजूचा होतो, आणि खून त्याला कठोर कर्तव्यासारखा वाटू लागतो. 'गॉडफादर'च्या शेवटाकडे मायकल आपल्याच बहिणीच्या, कॉनीच्या, नवऱ्याला मारवतो. नवऱ्याच्या हाती विमानाचे तिकीट देऊन त्याला निर्धास्त केले जाते आणि मोटारीत गळा आवळला जातो. कॉनी आक्रोश करत येते, पण तोवर आपण मायकलच्या इतके जवळ गेलेलो असतो, की तिचे रडणे कथेला आडवे आल्यासारखे वाटते.

'सैराट' म्हणजे कॉनीच्या बाजूने सांगितलेला 'गॉडफादर'. तात्या पाटलांकडे टोळी म्हणून वेगळी काही नाही, कारण त्यांना तिची गरज नाही. राजकारण, कॉलेज आणि पोलीस ठाणे या सगळ्यांवर त्यांचा शब्द चालतो. त्यांचा मुलगा प्रिन्स वर्गात शिक्षकाच्या मुस्कटात मारतो, आणि पुढे त्या शिक्षकालाच पाटलांच्या दारी नेले जाते. ठाण्यात परश्या आणि त्याच्या मित्रांवर खोटा गुन्हा नोंदवण्याची तयारी होते, तेव्हा कायदाही घराण्याच्या घरगड्यासारखा वागतो. शेवटी हैदराबादच्या घरी माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात. आर्ची चहा ठेवते. कॉनीच्या नवऱ्याला तिकीट मिळाले होते, इथे आईने पाठवलेला आहेर येतो.

साधारण ४ कोटी रुपयांत झालेला, अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू आणि जेऊरचा पैलवान आकाश ठोसर या नवख्यांना घेऊन केलेला हा चित्रपट १०० कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. बर्लिनच्या महोत्सवात तो दाखवला गेला. रिंकूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. तरी एकमत मात्र कधीच झाले नाही. काहींना जवळजवळ तीन तासांची लांबी खटकली, हैदराबादचा भाग रेंगाळलेला वाटला. काहींना गाण्यांच्या झिंगेत जातीचा प्रश्न बुडाला असे वाटले. दुसऱ्या बाजूने, आपल्या समाजाच्या मुलीला आणि घराण्याला असे दाखवलेच का, असा संताप व्यक्त झाला. त्याच वर्षी जुलैत कोपर्डीत एका मुलीवर अमानुष अत्याचार होऊन तिचा खून झाला, तेव्हा त्या चर्चेतही काहींनी या चित्रपटाचे नाव ओढले.

या आक्षेपांची एक गंमत आहे. 'सरकार' पाहून कोणी म्हटले नाही की आमच्या घराण्याची बदनामी झाली. तिथे गुन्हेगार हा गुन्हेगार म्हणूनच पडद्यावर येतो, आणि आपला त्याच्याशी संबंध नाही अशी आपली खात्री असते. तात्या पाटील मात्र ओळखीचे निघतात. गावातल्या क्रिकेटच्या सामन्याला ते पाहुणे असतात, लग्नाला येतात, अडल्या वेळी मदतही करतात. अशा माणसाला गुन्हेगार म्हणायचे, तर त्याच्या मांडवात जेवलेल्या आपल्यालाही काही म्हणावे लागते. हैदराबादचा भाग लांबल्याची तक्रारही थोडी अशीच आहे. त्या लांबणीतच आर्ची-परश्याचा संसार उभा राहतो, भांडतो, सावरतो. तो उभा राहताना पाहिला नसता, तर शेवटचा खून ही निव्वळ बातमी झाली असती.

बातम्या तर जवळच होत्या. करमाळ्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावात २८ एप्रिल २०१४ रोजी एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलल्याचा राग हे त्याचे कारण सांगितले गेले. 'सैराट' त्या घटनेवर बेतलेला आहे असे मी म्हणत नाही. पण नोव्हेंबर २०१७मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार उलटले होते. सिसिलीत माफियाविषयी तोंड न उघडण्याच्या रिवाजाला 'ओमेर्ता' म्हणतात. आपल्याकडे त्याला वेगळे नाव नाही. 'गावात राहायचंय' एवढे म्हटले की भागते.

'धडक' (२०१८) या हिंदी रूपात ही कथा उदयपूरला गेली. तिथे महाल आले, तळी आली, पण ऊस आणि जाळे यांच्यातले अंतर मात्र धूसर झाले. शेवटही बदलला. नायिका जिवंत राहते, आणि निदान रडायला तरी कोणी उरते.

'सैराट'मध्ये रडायला कोणी उरत नाही. एक मूल उरते, आणि त्याला अजून बोलता येत नाही. रक्तात भिजलेली त्याची पावले फरशीवर उमटत जातात आणि पडद्यावरचा आवाज पूर्ण थांबतो. थिएटरात तेव्हा पसरणारी शांतता आपण दाद म्हणून मोजली. साक्षीदारांची शांतताही अशीच ऐकू येते. या चित्रपटाविषयीचे मतभेद मिटले नाहीत हे म्हणूनच बरे. ते मिटले असते, तर आपण सगळेच गप्प बसलो असतो.