दगड घासण्याचे चाक कसे निवडावे?

आमच्या रत्नागिरीच्या सड्यावर जिकडे पाहावे तिकडे जांभा. चिरे काढण्यास तो उत्तम. पण अंगी छिद्रे फार असल्याने कितीही घासला तरी त्यास झिलई चढत नाही. ज्यास दगडाला आकार व चकाकी देण्याची हौस आहे, त्याने घाटावर जावे. तेथील काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत अकीक व गारगोटी सापडते. असा दगड हाती आला की पहिला प्रश्न चाकाचा.

मोसच्या मापाने गारगोटीचा कठीणपणा 7, कुरुंदाचा 9 आणि हिऱ्याचा 10. लोखंडी हत्यारे घासण्याचे नेहमीचे करडे चाक कृत्रिम कुरुंदाचे असते. दगडावर ते लवकर गुळगुळीत होते व कापेनासे होते. दगडासाठी सिलिकॉन कार्बाइडचे चाक घ्यावे. अमेरिकेतील एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी या पदार्थाचे पेटंट 1893 साली मिळविले. हिऱ्याच्या कणांचे चाक अधिक टिकते, पण महाग पडते.

चाकावरील अंक कणांची बारकाई सांगतो. आकार देण्यास 80 किंवा 100, ओरखडे काढण्यास 220, पुढे 400 व 600, आणि शेवटी चामड्यावर सेरियम ऑक्साइड. आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याखेरीज पुढची पायरी घेऊ नये.

अंकाशेजारचे अक्षर चाकाचा घट्टपणा दाखविते. येथे पुष्कळांचा गैरसमज होतो. कठीण दगडास मऊ बांधणीचे चाक लागते. कारण बोथट झालेला कण गळून पडला तरच त्याखालचा धारदार कण वर येतो. घट्ट चाक बोथट कण धरून ठेवते आणि दगड नुसता तापवते.

विकत घेताना चाक बोटावर टांगून लाकडी मुठीने हलके ठोकावे. खणखणीत नाद आला तर ठीक; बद्द आवाज आला तर तडा आहे असे समजावे. चाकावर छापलेल्या फेऱ्यांहून मोटारीच्या फेऱ्या कधीही अधिक नसाव्यात, आणि चाकावर लोखंडी आच्छादन असावेच.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गारगोटीची कोरडी धूळ फुप्फुसात साठते व सिलिकोसिस जडतो. तो बरा करणारे औषध नाही. खंबायतच्या अकीक कारागिरांपैकी कित्येकांचा त्याने बळी घेतला. 1948 च्या कारखाना कायद्याने हा रोग सरकारला कळविण्याच्या रोगांत घातला; पण घरोघर बसून घासणाऱ्यांपर्यंत तो कायदा पोहोचला नाही. म्हणून चाकावर पाण्याची धार सतत हवी. काम संपल्यावर आधी पाणी बंद करून चाक थोडा वेळ कोरडे फिरू द्यावे. पाण्यात उभे राहिलेले चाक एका बाजूने जड होते. खाली पडलेला गाळ ओला असतानाच पुसावा.

पडवीत हौसेने घासणाऱ्याकडे तपासनीस येत नाही. तेथे मालक आपणच आणि कामगारही आपणच. तेव्हा हे नियम आपणच पाळावयाचे. आणि बाजारात अकिकाचा चकचकीत मणी घेताना तो कोणी, कोणत्या धुळीत घासला, हेही विचारावे.