दुसरा डोस आणि पुढचे 14 दिवस



2021 मध्ये 15 ऑगस्टपासून आपल्याला पुन्हा लोकलने जाता येणार होतं. मुख्यमंत्र्यांनी 8 ऑगस्टला तसं जाहीर केलं होतं. अट अशी होती, की लशीचे दोन्ही डोस झालेले हवेत आणि दुसऱ्या डोसला 14 दिवस उलटलेले हवेत. मग महिन्याचा पास मिळणार होता.

ही बातमी आली आणि आमच्या गटांत फोनावर फोन सुरू झाले. उत्तनच्या मासळी विकणाऱ्या मावश्या, बोरिवली-कांदिवलीला घरकामाला जाणाऱ्या ताया, सगळ्यांनी इतके महिने टेम्पोचं भाडं भरलं होतं नाहीतर बसच्या रांगेत तास घालवले होते. त्यामुळे ती घाई आम्हाला समजत होती. पण तेव्हाच्या एका बैठकीत एक ताई हळूच म्हणाली, "एक जण पैसे घेऊन नुसतं सर्टिफिकेट काढून देतो म्हणे. सुई टोचायची गरजच नाही. घेऊ का?"

बैठक गप्प झाली. तिला कुणी रागावलं नाही, कारण तिची अडचण आपलीही आहे. लस घेतल्यावर ताप आला तर एक-दोन दिवसांची रोजी बुडते. म्हणून आज त्या 14 दिवसांबद्दलच बोलू या. ते कशासाठी आहेत हे कळलं, की नुसत्या कागदाचा उपयोग किती हेही कळेल.

आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत जाळी विणायची, होडी दुरुस्त करायची. समुद्रात गेल्यावर कुणी जाळं विणायला बसत नाही. लसही तशीच आधीची तयारी आहे. कोव्हॅक्सिनमध्ये मारून टाकलेला कोरोनाचा विषाणू असतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोव्हिशील्डमध्ये सर्दीच्या जातीचा, शरीरात वाढू न शकणारा एक विषाणू असतो आणि तो कोरोनाच्या काट्याची ओळख शरीराला करून देतो. दोन्हींपैकी कुठल्याही लशीने कोरोना होत नाही. शरीर ती ओळख लक्षात ठेवतं आणि लढायची तयारी करतं. अंग दुखणं, ताप येणं ही बहुतेक वेळा त्या तयारीचीच खूण असते.

पहिल्या डोसने जाळं अर्धं विणून होतं. ब्रिटनमध्ये 2021 मध्ये कोव्हिशील्डच्याच जातीची लस देत होते. तिथल्या अभ्यासात डेल्टा विषाणूपासून एका डोसने सुमारे 30 टक्के आणि दोन डोसांनी सुमारे 67 टक्के संरक्षण मिळालं. म्हणजे लस नसताना जिथे 100 जणी आजारी पडल्या असत्या, तिथे एका डोसनंतर 70 आणि दोन डोसांनंतर 33 पडतील. दुसऱ्या डोसनंतर शरीराला पूर्ण तयारीला साधारण दोन आठवडे लागतात. तेच हे 14 दिवस. 2021 च्या ऑगस्टमध्ये कोव्हिशील्डचा दुसरा डोस 84 दिवसांनी मिळत होता, कोव्हॅक्सिनचा 28 दिवसांनी.

आता बैठकीत हमखास येणारे प्रश्न. पाळी चालू असताना लस घ्यावी का? हो, चालते. बाळ अंगावर पीत असेल तर? चालते. गरोदर बाईलाही 2 जुलै 2021 पासून परवानगी मिळाली, डॉक्टरांशी बोलून घ्यावी. कोरोना होऊन गेला असेल तर 2021 च्या नियमाप्रमाणे बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं होतं. टोचल्यावर अर्धा तास केंद्रावरच बसा, क्वचित कुणाला ॲलर्जीचा त्रास होतो. पुढच्या 20 दिवसांत धाप लागली, छातीत दुखलं, पायाला सूज आली किंवा डोकं सतत खूप दुखत राहिलं तर घरी अंगावर काढू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. असं फार थोड्यांना होतं, पण माहीत असलेलं बरं.

खोट्या लशीपासूनही सावध राहा. मे 2021 मध्ये कांदिवलीच्या एका सोसायटीत शिबिर भरवून 390 जणांना फसवलं. लोकांना संशय आला तो सर्टिफिकेटवरून, कारण त्यावर भलत्याच रुग्णालयांची नावं होती. म्हणून सरकारी केंद्रावर किंवा माहितीच्या रुग्णालयातच जा. मोबाइलवर मेसेज आला का, नाव, तारीख आणि लशीचं नाव बरोबर आहे का, हे कुणाकडून तरी वाचून घ्या. 2021 मध्ये एका मोबाइल नंबरवर चार जणांची नोंद होत होती. ज्या ताईकडे फोन नाही तिची नोंद शेजारणीने करावी.

आणि पास हातात आला तरी मास्क उतरवायचा नव्हता. लस घेतलेल्या बाईलाही लागण होऊ शकते, फक्त जिवावर बेतण्याचा धोका खूप कमी होतो. घरी 18 वर्षांखालची मुलं होती, त्यांना तेव्हा अजून लस नव्हती. गर्दीच्या डब्यातून आपण काय घेऊन येतो, ते त्यांच्यापर्यंत पोचतं.

आमच्या गटांनी त्या बैठकीत दोन ठराव केले. हजेरीच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे दोन रकाने, पहिला डोस आणि दुसरा डोस, तारखेसह. तारीख जवळ आली की शेजारची सभासद आठवण करून देईल आणि सोबत जाईल. दुसरा ठराव रोजीचा. लस घेऊन जिला घरी बसावं लागेल, तिला गटाच्या बचतीतून बिनव्याजी उचल मिळेल, महिन्याने फेडायची. सर्टिफिकेटबद्दल विचारणाऱ्या ताईचं नाव त्या वहीत पहिलं आहे. पुढे तिने पहिला डोस घेतला. दुसरा डोस त्यानंतर 84 दिवसांनी आणि वर आणखी 14 दिवस, तोवर तिची मासळी टेम्पोनेच जाणार होती.

2021 मध्ये 22 ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. समुद्राला नारळ वाहायला गर्दी करू नका, लांब उभ्या राहा. पुढच्या बैठकीत तुमच्याही वहीत ते दोन रकाने आखा. काळजी घ्या. नमस्कार.