दत्तू ठेका

1989 साली आम्ही गिरगावातली खोली सोडून नालासोपाऱ्याला आलो. तेव्हा स्टेशनापासून दहा मिनिटं चाललं की शेतं लागायची. पाण्याचा टँकर आला की बिल्डिंगमधले हंडे, कळश्या, पिंपं सगळी एका रांगेत उभी राहायची. गिरण्या बंद पडल्यावर परळ-लालबागची कितीतरी घरं इकडे सरकली. त्यांच्याबरोबर आली भजनी मंडळं, दहीहंडीची पथकं आणि ऑर्केस्ट्रात वाजवणारी मुलं. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये आमच्या डब्यात रोज भजन व्हायचं. मी ढोलकी शिकलो ती त्याच डब्यात. खिडकीशी पाठ टेकायची, ढोलकी मांडीवर आडवी धरायची आणि गाडीच्या हिसक्यांतून लय सांभाळायची.

त्या डब्यात एक काका यायचे. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. सिनेमाच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात त्यांनी वर्षानुवर्षं साइड रिदम वाजवला होता. खंजिरी, कबास, घुंगरू, डुग्गी, त्या दिवशी जे हातात येईल ते. मुंबई सेंट्रलला उतरून ते ताडदेवच्या रस्त्याला लागत. खांद्याला एक मळकी कापडी पिशवी असे आणि चालताना ती बारीक वाजत असे. एवढा माणूस डब्यात असताना ढोलकी माझ्यासारख्या कच्च्या पोराच्या मांडीवर असायची आणि त्यांच्या हातात टाळ.

"काका, आज तुम्ही घ्या ना ढोलकी."

"तुझं बरं चाललंय. टाळ कुणीतरी धरायला हवेत ना?"

एकदा भजन संपल्यावर मी सहज 'परवरिश'मधल्या मन्ना डे आणि लताबाईंच्या द्रुत युगुलगीताचा ठेका धरला. लहानपणी रेडिओवर शंभरदा ऐकलेला. मला वाटलं, जमला. काकांनी टाळ खाली ठेवले आणि माझ्या डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवली. "हा दत्तू ठेका आहे. डावा हात कमी कर. अजून कमी. आता तो हात आहे हे विसर." मग ते तोंडाने बोल म्हणू लागले. माझी ढोलकी नेहमीसारखी दणदणत होती आणि त्यांच्या तोंडचे बोल मात्र घरंगळत होते, उतारावरून गोटी जावी तसे. आठ मात्रांचा साधा केरवा, धा गे ना ती, ना के धी ना. पोरंसोरंही वाजवतात तो. पण त्या केरव्यात डाव्या पुड्याचा घुमारा मनगटाने असा काही दाबून वर न्यायचा होता की ठेका पुढच्या आवर्तनात स्वतःहूनच पाऊल टाकेल. बोरिवली येईपर्यंत मला एकदाही जमलं नाही. पुढची दोन वर्षंही नाही.

'दत्तू ठेका' हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. माणसाच्या नावाचा ठेका. रिदमवाले तो शब्द आपण आमटी-भात म्हणावं तितक्या सहज वापरतात. त्यातला दत्तू कोण, हे त्या मंडळींना सांगावं लागत नाही. बाहेरच्यांना मात्र सांगावं लागतं, म्हणून हा मागोवा.

दत्ताराम वाडकर. जन्म 1929 चा, गोव्यातला. वाढले सावंतवाडीकडे, 1942 मध्ये मुंबईत आले. पंढरीनाथ नागेशकरांकडे तबला शिकले. पुढचा सगळा प्रवास एका व्यायामशाळेतून सुरू झाला असं सांगतात. दत्ताराम तिथे जात आणि शंकरही येत. हे शंकर म्हणजे शंकर-जयकिशनमधले. ते स्वतः तबलजी, पृथ्वी थिएटरमध्ये वाजवणारे. एका तबलजीने दुसऱ्याचा हात ओळखला आणि त्याला आपल्याबरोबर घेतलं. 1949 मध्ये 'बरसात' आला आणि शंकर-जयकिशन हे नाव घराघरात पोचलं. त्यानंतर दोन वर्षांनी 'आवारा'. त्याच्या एका ध्वनिमुद्रणाला लालाभाऊ गंगावणे हे नावाजलेले ढोलकवादक येऊ शकले नाहीत आणि शंकरनी तबल्यावरच्या दत्तारामांना ढोलक घ्यायला सांगितलं, हा किस्सा वादकांमध्ये आजही सांगितला जातो. मला तो पटतो, कारण त्यांच्या ढोलकात तबल्याची बोटं ऐकू येतात. ढोलक हे थापेचं वाद्य. दत्तारामांनी त्यात बोटांचं नाजूक काम आणलं आणि तरीही थापेची ऊब जाऊ दिली नाही.

शंकर-जयकिशनच्या ताफ्यात मग कामाची वाटणी ठरून गेली. व्हायोलिन, ब्रास, कोरस यांचं लेखन गोव्याच्या सॅबेस्टियन डिसूझांकडे आणि तालाची सगळी बाजू दत्तारामांकडे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत सहायक म्हणून ही दोन नावं शेजारी शेजारी दिसतात. पडद्यावर ती येतात आणि वाचून होण्याआधी जातात. एका गोवेकराच्या हातात स्वरलिपीचे कागद, दुसऱ्याच्या हातात ठेका, आणि मधोमध राज कपूरचा आख्खा काळ. माझ्या मते त्या गाण्यांची निम्मी चाल दत्तारामांच्या तालात आहे. 'श्री 420' ची गाणी नुसती मेजावर बोटांनी वाजवून पाहा. शब्द न म्हणता गाणं ओळखू येतं.

हे काम कसं चालायचं ते आजच्या पोरांना सांगितलं की त्यांचे डोळे विस्फारतात. सगळे वादक एका वेळी, एका हॉलमध्ये. गायक तिथेच, छोट्या केबिनमध्ये. आठ-दहा तालवादक आणि तीस-चाळीस व्हायोलिनं. 78 च्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावत, आणि तेवढ्या वेळात कुणाचीही चूक चालत नसे. शेवटच्या कडव्यात घुंगरू अर्धी मात्रा मागे पडला तर लताबाईंनी पुन्हा पहिल्या ओळीपासून गायचं. सुरुवातीच्या काळात तर मायक्रोफोनही इतके थोडे की आवाजाचा तोल माणसं हलवून साधत. बासरी पुढे, ढोलक मागे. जास्त ऐकू आलं की वादकाला आणखी दोन पावलं मागे सरकायला सांगायचे. ताडदेवच्या फेमस स्टुडिओत मिनू कात्रकांसारखे ध्वनिमुद्रक काचेपलीकडून नुसत्या कानाने हा तोल धरत. काका म्हणायचे, "रिदमवाल्याला पहिली गोष्ट शिकावी लागते ती मागे सरकायची." ते हे अगदी कामापुरतं सांगत, हॉलच्या मापातलं.

तबकडीवर नावं असत ती चित्रपटाची, गायकाची, संगीतकाराची. त्यातही गायकाचं नाव असेलच असं नव्हतं. 1949 च्या 'महल'च्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं. ते पडद्यावरच्या पात्राचं नाव. लता मंगेशकरांचं नाव जिथे विचारलं गेलं नाही तिथे ढोलकवाल्याला कोण विचारणार? ड्रमवाल्यांचंही तेच. 1966 च्या 'तीसरी मंजिल'मध्ये शम्मी कपूर ड्रमच्या मागे बसून केस उडवतो आणि सगळा हिंदुस्थान वेडा होतो. त्या काठ्या प्रत्यक्षात लेस्ली गोदिन्हो यांच्या हातातल्या. कावस लॉर्डांनी बोंगो-कोंगो आपल्या गाण्यांत आणले. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांचे पुत्र केरसी आणि बुजी यांनी अकॉर्डियनपासून ड्रम, व्हायब्राफोनपर्यंत सगळं वाजवलं. पंचमकडे, म्हणजे राहुल देव बर्मनकडे, मारुतीराव कीर तालाची बाजू सांभाळत, होमी मुल्लन आणि अमृतराव काटकर साइड रिदमवर असत, पुढे ड्रमवर फ्रॅंको वाझ आले. गोवेकर ख्रिस्ती, मुंबईचे पारशी, कोकणातले मराठी, उत्तरेकडून आलेले ढोलकवाले, सगळे एका हॉलमध्ये. ग्रेगरी बूथ या अमेरिकी अभ्यासकाने यातल्या अनेकांशी बोलून 2008 मध्ये 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक लिहिलं. हे काम आपल्याकडच्या कुणीतरी वीस वर्षं आधी करायला हवं होतं, ही खंत माझ्या मनातून जात नाही. तोवर बरेच जण निघून गेले होते.

दत्तारामांच्या बाबतीत माझा आदर सगळ्यात वाढतो तो 1957 नंतरच्या काळाकडे पाहताना. राज कपूरने आपल्या 'अब दिल्ली दूर नहीं'चं संगीत त्यांच्यावर सोपवलं. पुढच्याच वर्षी 'परवरिश'. त्यातलं ते द्रुत युगुलगीत आणि मुकेशचं संथ, भिजलेलं गाणं ही दोन्ही आजही रेडिओवर लागली की हातातलं काम थांबतं. मग 1959 मध्ये 'कैदी नं. 911', 1961 मध्ये 'जिंदगी और ख्वाब'. स्वतःच्या नावावर लोकप्रिय गाणी, तबकडीवर संगीतकार म्हणून नाव. एवढं झाल्यावर माणूस सहसा जुन्या जागेकडे वळून बघत नाही. दत्ताराम शंकर-जयकिशनकडे तालाचं काम करतच राहिले. सकाळी स्वतःच्या सिनेमाचा संगीतकार असलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या गाण्यात ढोलकवाल्यांना मात्रा समजावून सांगतो आहे, असं चित्र मी अनेकदा डोळ्यांसमोर आणतो. मोठे चित्रपट त्यांच्या वाट्याला फारसे आले नाहीत, हेही खरं. त्यांच्या प्रतिभेला ते न्याय देणारं नव्हतं असं मला ठामपणे वाटतं. तरी ठेक्यात कधी कडवटपणा उतरला नाही. साठच्या दशकातल्या शंकर-जयकिशनच्या गाण्यांत ढोलक ऐका, पहिल्या दिवसाइतकंच ताजं आहे.

1971 च्या सप्टेंबरात जयकिशन गेले, 1987 मध्ये शंकर. त्याच सुमाराला ऑक्टोपॅड आला, मग तालयंत्रं, मग संगणकावरचे तयार तुकडे. हॉलमधले आठ-दहा तालवादक दोनवर आले. आमच्या काकांची पिशवी आठवड्यात तीनदा वाजायची ती महिन्यात दोनदा वाजू लागली. तरी ते त्याच गाडीने येत. नंतर नंतर मला कळलं की कित्येक दिवस त्यांना ताडदेवला काही कामच नसायचं. यंत्राबद्दल त्यांनी कधी वाईट शब्द काढला नाही. एवढंच म्हणाले होते, "त्याची लय हलत नाही. गाणारा श्वास घ्यायला थांबला तरी ते थांबत नाही." तेव्हा कुठे मला दत्तू ठेक्यातली ती जागा कळली. डाव्या हाताचा घुमारा किंचित लांबतो, तो गाणाऱ्याच्या श्वासाइतका. मी इतकी वर्षं तिथे जोर लावत होतो. घरी जाऊन रात्री उशीवर वाजवून पाहिलं. उशीवर जमलं.

आता नालासोपारा ओळखू येत नाही. महापालिका झाली, जिल्हा बदलून पालघर झाला, गाड्या पंधरा डब्यांच्या झाल्या आणि तरी दारात लोंबकळावं लागतं. गणपतीच्या मिरवणुकीत आचोळे रोडवर बँजो पार्टी येते. जुनं गाणं निघालं की ढोलकीवरचा पोरगा नकळत तोच ठेका धरतो. त्याला तो कुणी दिला, त्याच्या उस्तादाला कुणी दिला, हे विचारायला मी गर्दीत घुसलो होतो एकदा. आवाजात काही ऐकू आलं नाही.

जून 2007 च्या 8 तारखेला दत्ताराम गेले. त्यानंतरच्या सोमवारी काका नेहमीच्या जागी आले. पिशवी नव्हती. भजन सुरू करायच्या आधीच त्यांनी हात पुढे केला आणि ढोलकी मागितली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. दोरी ओढून पुडा चढवला, कान लावून टिचकी मारली, पुन्हा ओढली. वसई रोड गेलं, नायगाव गेलं. खाडीच्या पुलावर गाडीचा आवाज पोकळ होतो, तिथे त्यांनी ठेका धरला. कुणी गायलं नाही, टाळही कुणी वाजवले नाहीत. पत्ते खेळणारे थांबले. त्यांचा डावा हात जवळजवळ हलतच नव्हता आणि सगळा डबा त्या हातावर चालला होता. पूल संपला तरी ते वाजवत राहिले.

मिरा रोडला गर्दी आत घुसली. त्यांनी ढोलकी माझ्या मांडीवर ठेवली, दोरी एकदा तपासली आणि टाळ उचलले.