गोठ्यातलं खोबरं

मैत्रिणींनो, नारळी पौर्णिमेपासून गौरी-गणपतीपर्यंत आपल्या घरात किती नारळ फुटतात, याचा हिशोब कुणी ठेवत नाही. आमचं हमरापूर तर गणेशमूर्तींचं गाव, त्यामुळे सणाची लगबग विचारूच नका! नारळीभात, मोदक, करंज्या होतात, पाहुणे परततात आणि मागे उरतं ते वेगळंच. नारळाचं दूध पिळून घेतलेला चोथा, देवापुढे वाढवलेल्या नारळांच्या वाट्या, कोनाड्यात विसरलेलं सुकं खोबरं. यातलं बरंचसं जातं गोठ्यात. पण काय घालावं आणि काय घालू नये, याचा विचार आपण करतो का?

जनावराला खोबरं घालणं मुळीच गैर नाही. पॅसिफिक महासागरातल्या टोंगा, सामोआ, तुवालू अशा बेटांवर ही रोजची रीत आहे. तुवालूची सगळी जमीन मिळून जेमतेम २६ चौरस किलोमीटर, तीही प्रवाळाची, कसदार नाही. मग डुकरांना, कोंबड्यांना धान्य आणायचं कुठून? नारळ फोडून नाहीतर खवून त्यांच्यापुढे टाकतात, पिळलेला चोथाही वाया जात नाही. टोंगात लग्न असो की मयत, पंगतीला डुक्कर लागतंच. तेव्हा दारातलं जनावर ही घरची ठेवच.

पण त्यांचं डुक्कर आणि आपली गाय यांच्या पोटात फरक आहे. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३३ ग्रॅम तेल असतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एवढं तेल गेलं, की पेंढा नीट पचत नाही, शेण पातळ होतं. म्हणून गाईला ताजा चोथा मूठ-दोन मूठ ठीक, पाटीभर नको.

तेल काढून उरलेली खोबऱ्याची पेंड मात्र गुणाची. तिच्यात प्रथिनं शेकडा २०च्या आसपास. भुईमुगाच्या पेंडीत याच्या दुपटीने असतात हे खरं, पण आपल्या भाताच्या पेंढ्यात ती शेकडा ३-४च. नुसत्या पेंढ्यावर गाय दूध देणार कशी? ही पेंड पाणी पिऊन खूप फुगते, म्हणून भिजवून आंबोणातच द्यावी.

आता खरी काळजीची गोष्ट. बचत गटाच्या बैठकीत एकीने विचारलं, "ताई, बुरशी आलेलं खोबरं आपण नाही खात, पण गाईला चालतं ना?" तिच्या घरी त्याच गाईचं दूध दीड वर्षाची नात पिते!

१९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेतला तेव्हा दोष निघाला त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या बुरशीदार पेंडीत. त्या बुरशीच्या विषाला नाव मिळालं अफ्लाटॉक्सिन. तीच बुरशी दमट खोबऱ्यावर आणि पेंडीवरही धरते. हे विष यकृतावर घाला घालतं, आणि गाईने खाल्लं तर त्याचा अंश दुधात उतरतो. दूध कितीही उकळा, तो जात नाही. बुरशी पुसली, खोबरं धुतलं, तरी विष आत राहतंच.

मग करायचं काय? चोथा त्याच दिवशी घालावा, पावसाळ्यात तो रात्रीतून आंबतो. वाट्या घालायच्या तर करवंटी काढून, बारीक तुकडे करून. खोबरं खडखडीत वाळल्याशिवाय डब्यात भरू नये. पेंडीचं पोतं जमिनीवर किंवा भिंतीला टेकून न ठेवता फळीवर ठेवावं आणि महिन्याभरात संपेल इतकीच पेंड आणावी. कुबट वास आला, हिरवी-काळी बुरशी दिसली, की कोंबड्या उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात पुरून टाकावं. नुकसान होतं चार पैशांचं, पण दवाखाना त्याहून महाग पडतो.

आमच्या गटात आता ठरलंय, की पेंड चौघींनी मिळून आणायची आणि ताजी असतानाच वाटून घ्यायची. तुमच्याही गटात हा विषय जरूर काढा. सणाला आपण गोग्रास काढून ठेवतो, तो ताज्या अन्नाचाच ना? मग रोजच्या घमेल्यातही तेवढंच चांगलं पडू दे.