बाळंतपणानंतरचे पोट आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

बाळंतिणीचे पोट घट्ट बांधले नाही तर ते पुढे सुटते, अशी समजूत महाराष्ट्रातील घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे. जुन्या मऊ लुगड्याची पट्टी करून आजी किंवा सुईण ती बाळंतिणीच्या पोटाभोवती आवळीत असे. आज तिची जागा औषधांच्या दुकानातील पोटपट्ट्याने घेतली आहे. या बांधण्याने कंबरेला आधार मिळतो आणि उठताबसता बरे वाटते, यात संशय नाही. परंतु पट्टा सोडल्यावरही पोट आवळलेलेच राहील ही अपेक्षा फोल आहे, आणि तिच्यातून एक अन्यायही घडतो. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणानंतर ज्या स्त्रीचे पोट पूर्ववत होत नाही, तिला ‘पट्टा नीट बांधला नाहीस’, ‘व्यायामाचा आळस केलास’ असे ऐकून घ्यावे लागते. वस्तुतः आळसाचा त्या पोटाशी पुष्कळदा काहीच संबंध नसतो.

गर्भाशय वाढत जाते तसतशी पोटाची भिंत ताणली जाते. या भिंतीच्या मध्यभागी, फासळ्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत, दोन लांब स्नायू शेजारी शेजारी उभे असतात आणि एक चिवट पांढरी पट्टी त्यांना मधोमध जोडून ठेवते. गर्भारपणात ही पट्टी रुंद व पातळ होते आणि स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. यात विकृती अशी काही नाही; मुलाला जागा हवी असते, ती शरीर करून देते. नॉर्वेतील पहिलटकरणींची पाहणी करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी शंभरांपैकी ६० स्त्रियांत हे अंतर आढळले, सहा महिन्यांनी ४५ स्त्रियांत आणि वर्षाने सुमारे ३३ स्त्रियांत. यांतील बहुतेकींचे अंतर थोडेच होते. तरी एवढे स्पष्ट होते की पहिल्या वर्षात शरीर आपली दुरुस्ती बरीचशी आपणच करते, मात्र प्रत्येकीच्या बाबतीत ती पुरी होत नाही.

कातडीची गोष्ट याहून कठीण आहे. तिचा ताण सहन करणारे आतले तंतू एका मर्यादेपलीकडे ताणले गेले की तुटतात. पोटावर उमटणारे पांढुरके वळ ही त्याचीच खूण. स्नायू व्यायामाने बळकट होतात, त्यांच्यातील अंतरही काहींच्या बाबतीत कमी होते, परंतु सैल पडलेली कातडी कोणत्याही व्यायामाने, तेलाने वा लेपाने पुन्हा आखडत नाही. तेव्हा नियमाने चालणारी, बेताने जेवणारी, वजन ताब्यात ठेवणारी स्त्रीसुद्धा ओटीपोटावर लोंबणारी घडी घेऊनच वावरते. उन्हाळ्यात त्या घडीखाली घाम साचून कातडी चिघळते. कोणाची कंबर सतत दुखते. या तक्रारी ती सहसा कोणापाशी बोलत नाही, आणि बोललीच तर ‘आता या वयात कशाला नटणे’ हे उत्तर ठरलेले असते.

अशा पोटावर जी शस्त्रक्रिया करतात तिला बोलभाषेत ‘टमी टक’ व वैद्यकाच्या भाषेत ‘ॲब्डॉमिनोप्लास्टी’ म्हणतात. ती आजकालची टूम आहे असा समज असेल तर तो बरोबर नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी पोटावरील जादा कातडी व चरबी काढण्याची शस्त्रक्रिया १८९९ मध्येच वर्णिली होती. ब्राझीलचे ईव्हो पितांगी यांनी १९६७ मध्ये आपली पद्धती प्रसिद्ध केली आणि त्यानंतर तिचा प्रसार झपाट्याने झाला. आपल्याकडे सुघटन शस्त्रक्रियेचा, म्हणजेच प्लास्टिक सर्जरीचा, स्वतंत्र विभाग १९५८ मध्ये नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, ही गोष्ट विदर्भाबाहेरच्या मराठी माणसाला क्वचितच ठाऊक असते.

शस्त्रक्रियेचे स्वरूप थोडक्यात असे. पूर्ण भूल देऊन ओटीपोटाच्या अगदी खालच्या बाजूस, एका कुल्ल्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत, आडवा छेद घेतात. वरची कातडी व चरबी खालच्या आवरणापासून फासळ्यांपर्यंत मोकळी करतात. मग दूर गेलेले दोन स्नायू, किंवा नेमके सांगायचे तर त्यांच्यावरील चिवट आवरण, भक्कम टाक्यांनी मधोमध जुळवून आणतात. बेंबी आपल्या देठासह जागीच राहते. कातडी खाली ओढून जादा भाग कापून टाकला की नव्या कातडीत तिच्यासाठी छिद्र पाडावे लागते. बेंबीचा हर्निया असल्यास तोही बहुधा त्याच वेळी दुरुस्त होतो. सिझेरियनचा जुना व्रण कापल्या जाणाऱ्या भागात सापडला तर तो नाहीसा होतो, मात्र त्याच्या जागी कितीतरी लांब असा दुसरा व्रण येतो. या सर्वाला दोन ते चार तास लागतात.

हे वर्णन ऐकल्यावर शस्त्रक्रियेने काय होत नाही हेही ध्यानात येईल. ती वजन उतरवण्याचा उपाय नव्हे. चरबी दोन ठिकाणी साठते: कातडीखाली, आणि स्नायूंच्या भिंतीमागे आतड्यांभोवती. शस्त्रवैद्याचा हात पहिलीपर्यंतच पोचतो. उताणे निजल्यावरही ज्याचे पोट घुमटासारखे वर राहते त्याची चरबी मुख्यतः आत आहे, आणि ती आहार व श्रम यांनीच कमी व्हायची. उलट, निजल्यावर पोट सपाट होते, गुडघे वाकवून डोके किंचित उचलले असता बेंबीच्या वर मधोमध दोन बोटांहून रुंद खाच लागते, आणि कातडीची घडी हातात येते, अशी स्त्री शस्त्रवैद्याचा सल्ला घेण्यास योग्य होय.

वेळेचाही विचार हवा. आणखी मूल हवे असेल तर थांबणे शहाणपणाचे. शस्त्रक्रियेनंतर गर्भ राहिला तर बहुधा धोका नसतो, पण केलेले काम पुन्हा ताणले जाते. अंगावर पाजणे थांबून काही महिने लोटलेले असावेत आणि वजन निदान सहा महिने स्थिर असावे. तंबाखूच्या बाबतीत तर कोणतीही सवलत नाही. धूम्रपान करीत नाही असे सांगणारी स्त्री मिश्री लावीत असते, आणि डॉक्टरांनी ‘सिगारेट ओढता का’ एवढेच विचारल्यामुळे ती गोष्ट उघड होत नाही. निकोटीन धुरातून जावो की हिरड्यांतून, त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ताणून बसवलेल्या कातडीचा काठ काळा पडून मरू शकतो. मिश्री व तंबाखू शस्त्रक्रियेपूर्वी निदान चार आठवडे सोडावी लागते. संततिनियमनाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगाव्यात, कारण त्यांपैकी काहींनी रक्त गोठण्याचा संभव वाढतो.

धोका लहान आहे असे म्हणून चालणार नाही. अमेरिकेत सौंदर्यविषयक शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे १ लाख २९ हजार व्यक्तींच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत या शस्त्रक्रियेनंतर शेकडा ४ जणांत गंभीर गुंतागुंत दिसली. इतर सौंदर्य-शस्त्रक्रियांत हे प्रमाण शेकडा १.४ होते. एकाच भुलीत आणखी दोन-तीन शस्त्रक्रिया उरकून घेतल्या की ते वाढते. जाहिरातीत ‘आईसाठी खास’ म्हणून जी जोडयोजना दिलेली असते, तिच्याकडे या दृष्टीने पाहावे. लाभाच्या बाजूलाही पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात २१४ मातांच्या पाहणीत, २०१८ मध्ये, स्नायू जुळवल्यानंतर कंबरदुखी व खोकताना लघवी सुटणे या दोन्ही तक्रारी पुष्कळ कमी झाल्याचे दिसले. तथापि तुलनेसाठी शस्त्रक्रिया न झालेल्या स्त्रियांचा गट त्यात नव्हता, हे विसरून चालत नाही. शस्त्रवैद्य निवडताना सुघटन शस्त्रक्रियेतील एम. सीएच. किंवा तत्सम पदवी आहे की नाही, राज्याच्या वैद्यक परिषदेकडे नोंद आहे की नाही, आणि रुग्णालयात भूलतज्ज्ञ व अतिदक्षतेची सोय आहे की नाही, हे विचारण्यात संकोच कसला?

खर्चाच्या बाबतीत कायद्याची दृष्टी पाहण्यासारखी आहे. २०१७ च्या वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत आरोग्यसेवेला जी सूट दिली, तीतून सौंदर्य-शस्त्रक्रिया वगळली. जन्मजात व्यंग, वाढीतील दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीररचना पूर्ववत करणे एवढाच तिला अपवाद. विम्याच्या प्रमाणित अटीही तशाच: अपघात, भाजणे, कर्करोग, किंवा प्रकृतीला थेट व तातडीचा धोका. बाळंतपणाने झालेला बदल यांपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाही. तो आजार नाही, इजा नाही, व्यंगही नाही. हर्निया असेल तर तेवढ्या भागाची मागणी विमा कंपनीपुढे मांडता येते. तीही शस्त्रक्रियेपूर्वी लेखी विचारून.

तथापि पैशाहून कठीण प्रश्न घरातील माणसांचा आहे. बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती द्यावयाची हे आपल्या घरांना शिकवावे लागत नाही. माहेर आहे, शेकशेगडी आहे, डिंकाचे लाडू आहेत, आणि पाळण्यात मूल आहे. त्या मुलामुळे विश्रांतीला मान आहे. या शस्त्रक्रियेनंतर लागणारा काळ जवळजवळ तेवढाच, सहा आठवड्यांचा. परंतु पाळणा रिकामा असतो, आणि ‘हौसेने ओढवून घेतले’ असे म्हणावयास लोक मोकळे असतात. म्हणून पुष्कळ स्त्रिया ती गोष्ट लपवतात. हर्नियाचे किंवा पित्ताशयाचे निमित्त सांगतात, आणि आठव्या-दहाव्या दिवशी स्वयंपाकघरात उभ्या राहतात. टाक्यांचे जे नुकसान व्हायचे ते पुष्कळदा अशा वेळी होते.

पहिल्या दिवसांत सरळ उभे राहता येत नाही. कंबरेत वाकून, म्हाताऱ्या बाईसारखे चालावे लागते. तरीही त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालणे आवश्यकच असते, कारण पायांतील रक्त साचून गुठळी होण्याचे भय असते. निजताना पाठीमागे व गुडघ्यांखाली उशा हव्यात. कातडीखाली जमणारे पाणी बाहेर जावे म्हणून बहुधा दोन बारीक नळ्या ठेवलेल्या असतात; त्यांतील स्राव रोज मोजून लिहून ठेवायचा असतो, आणि तो पुरेसा कमी झाला की नळ्या काढतात. काही शस्त्रवैद्य आतूनच टाके घालून नळ्या टाळतात. खोकला वा शिंक आली तर उशी पोटावर दाबून धरावी. वेदनाशामक औषधांनी मलावरोध होतो, आणि कुंथण्याने जुळवलेल्या स्नायूंवर ताण पडतो. तेव्हा त्याचे औषध आधीपासून चालू हवे. ज्या घरात बसका संडास आहे तेथे निदान काही आठवड्यांसाठी खुर्चीची सोय केल्यावाचून शस्त्रक्रियेची तारीखच ठरवू नये.

लहान मुलांच्या आईला सर्वांत अवघड जाते ते मुलाला न उचलणे. चार-पाच किलोंहून जड काही सहा आठवडे उचलावयाचे नसते, म्हणजे पाण्याची बादली नाही, गव्हाचा डबा नाही आणि दोन वर्षांचे मूलही नाही. मुलाला हे समजत नाही. ते हात वर करून उभे राहते. अशा वेळी आईने पलंगावर किंवा खुर्चीत बसावे आणि दुसऱ्या कोणी मूल उचलून तिच्या शेजारी, पोटावर पाय येणार नाही असे, बसवावे. हे दुसरे कोणी तेथे सतत असावे लागते. नवऱ्याची चार दिवसांची रजा त्याला पुरत नाही. सासू किंवा आई येणार असेल तर तिला खरे कारण सांगूनच बोलवावे. हर्निया म्हणून आलेली सासू पंधराव्या दिवशी निर्धास्त मनाने गावी परतते. ज्या घरात ही सोय होत नाही तेथे मूल थोडे मोठे होईपर्यंत थांबणे बरे, कारण वर्ष-दोन वर्षांनी शस्त्रक्रियेचे काहीच बिघडत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मन खचते, हेही आधी सांगून ठेवण्यासारखे आहे. सूज कायम असते, व्रण लालभडक दिसतो, पोट आधीपेक्षाही वाईट वाटते, आणि ‘हे कशासाठी केले’ असा विचार येतो. सूज उतरण्यास काही महिने लागतात. परंतु पुढील चिन्हे मनाचे खेळ समजू नयेत: एकाच पोटरीला सूज व ठणका, एकाएकी धाप लागणे, छातीत दुखणे. यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ताप, दुर्गंधीचा स्राव, कातडीचा काळसरपणा किंवा पोटात पाणी हिंदकळल्यासारखे वाटणे हेही त्याच दिवशी शस्त्रवैद्याला दाखवावे.

व्रण फिका पडण्यास वर्ष-दीड वर्ष जाते. बेंबीखालच्या भागाला मात्र कित्येक महिने, आणि काहींना कायमची, बधिरता राहते. थंडीच्या दिवसांत किंवा पाळीच्या वेळी त्या भागावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. ती फार गरम आहे हे तेथील कातडीला कळत नाही, आणि भाजल्याचे ध्यानात येते ते फोड आल्यावर.