इन्सुलिन डेन्मार्कमध्ये का रुजले?

इन्सुलिनचा शोध १९२१-२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लागला. त्यापूर्वी मधुमेह झालेले मूल बहुधा एक-दोन वर्षांतच दगावत असे. पुढे जगाला इन्सुलिन पुरवण्यात मात्र डेन्मार्क आघाडीवर राहिला. या देशाची लोकसंख्या आजही केवळ ६० लाखांच्या आसपास आहे. मग हे कसे साधले?

पहिले कारण म्हणजे जाणकार माणसे. कोपनहेगनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांच्या पत्नी मारी स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांना मधुमेह होता. त्यांच्या आग्रहावरून क्रोग १९२२ मध्ये टोरांटोला गेले व इन्सुलिन बनवण्याची परवानगी घेऊन परतले. डॉ. हागेडॉर्न यांच्या साथीने त्यांनी काम सुरू केले. १९२३ मध्ये डॅनिश रुग्णांना इन्सुलिन मिळू लागले.

दुसरे कारण शेतीत आहे. इन्सुलिन स्वादुपिंडात तयार होते. परंतु प्राणी मेल्यावर त्याच ग्रंथीतील पाचक विकरे इन्सुलिनचे तुकडे करू लागतात. म्हणून ग्रंथी ताबडतोब थंड करून आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये घालावी लागते. त्यात विकरांचे काम थांबते आणि इन्सुलिन विरघळते. डेन्मार्कमध्ये १८८७ पासून शेतकऱ्यांचे सहकारी कत्तलखाने होते. त्यामुळे डुकरांची ताजी स्वादुपिंडे एकाच जागी, भरपूर मिळत. शिवाय डुकराचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनहून ५१ पैकी एकाच अमिनो आम्लाने वेगळे असते.

तिसरे कारण संशोधनातील सातत्य. १९३२ मध्ये मधुमेहींसाठी स्टेनो रुग्णालय निघाले. म्हणजे प्रयोगशाळेच्या जोडीला रुग्णांचा अनुभव आला. १९३६ मध्ये हागेडॉर्न यांनी माशांपासून मिळणारे प्रोटॅमिन इन्सुलिनमध्ये मिसळले. हे इन्सुलिन रक्तात सावकाश उतरते, म्हणून दिवसातली टोचणी कमी झाली.

चौथे कारण नोंदी. १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला दहा अंकी क्रमांक आहे. त्याच्या आधारे एकाच व्यक्तीचे आजार आणि उपचार वर्षानुवर्षे पडताळता येतात.

आज इन्सुलिन बनवायला डुकरे लागत नाहीत. जनुकीय बदल केलेले यीस्ट ते तयार करते. कच्चा माल बदलला, तरी उद्योग डेन्मार्कमध्ये टिकला. असे का, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे. कच्च्या मालाने सुरुवात करून दिली. पण तो हाताळताना साठलेले ज्ञान आणि माणसे मागे राहिली. देशाचे खरे भांडवल तेच.